परसातल्या सात केळी

८ मे १९२७, रविवार

आज सकाळी सव्वानऊला सामानाच्या दोन्ही गाड्या दारात लागल्या. पौडला रात्रीचा मुक्काम करून पहाटे निघालो होतो. एकही बरणी फुटली नाही, कारण सामान मी स्वतः बांधले होते, हमालांवर सोडले नव्हते. सौ. म्हणते गाडीवाला हुशार होता. असेना.

घर मनाजोगे आहे. डोंगराच्या उतारावर, धरणाच्या पाण्यापासून माझ्या पावलांनी तीनशे दहा पावले. तीन खण, पुढे ओटी, मागे पडवी, पडवीच्या टोकाला न्हाणी. चार वर्षांमागे खालची वाडी पाण्याखाली जाणार म्हणून लोक वर सरकले, तेव्हा आधीच्या मालकाने, नथूने, हे बांधले. तुळया आणि दारे खालच्या घराचीच आहेत. आता तो नांद्याला सासऱ्याच्या शेतावर गेला. एवढे चांगले घर का सोडतोस, असे मी विचारले तेव्हा म्हणाला, की कारभारणीला दिवस गेलेत, बाळंतपण तिकडंच बरं. मलाही तेच पटले. बायकांना माहेर लागतेच.

मला आवडले ते परस. केळीचे सात खुंट एका ओळीत, दोन खुंटांत सरासरी साडेसहा फूट अंतर. उंची चांगली, पाने धड, पण पोसलेली नाहीत. या झाडांना कोणी कधी मूठभर शेण घातलेले दिसत नाही. घालीन मी. शाळा माझी मराठी चौथीत सुटली. मोजणी खात्यात साखळी ओढायला लागलो तो मोजणीदार होऊन बाहेर पडलो. झाडांचे जे येते ते सरकारी पत्रके वाचून आणि हात मातीत घालून. पुण्यात आठ कुंड्यांत केले ते इथे आठ गुंठ्यांत करून दाखवतो.

१० मे, मंगळवार

न्हाणीचे पाणी ही या घरातली शुद्ध वेडगळ गोष्ट आहे. न्हाणीपासून केळी चार फुटांवर. कोणीही शहाणा माणूस पाणी सरळ केळींना सोडील; केळ लावतातच न्हाणीमागे. इथे मात्र दगड बसवून बावीस फूट लांब मोरी काढली आहे, ती केळींना वळसा घालून पाणी थेट ओघळीत नेऊन टाकते. एवढी मेहनत झाडे तहानेली ठेवण्यासाठी!

मोरी फोडली. यार्डाला एक इंच उतार धरून चार फुटांचा नवा पाट काढला. मजुरीला वाडीतला बाजी होता. त्याने पहार खाली ठेवली आणि म्हणाला, की अण्णासाब, ह्या तितल्या केळी हायती, त्यास्नी पावसाचं पाणी बास. तितल्या म्हणजे कुठल्या? तर खालच्या वाडीतून पिले आणून लावलेल्या. मी म्हटले, जिथली असेल तिथली, केळ पाणी पिते. मग पाट मीच खणला.

दुपारी वाडीतली सुईण सारजाबाई आली. आमच्या लेकीच्या, जयाच्या, बाळंतपणासाठी तिलाच सांगायचे आहे. साठीची, काटक, तोंडाने फटकळ. पाट पाहून म्हणाली, की बुजवा त्यो. का, विचारले तर माजघराकडे मान करून सौ.ला विचारले, की लेक कितव्या महिन्यात हाय? सहाव्यात, म्हटल्यावर पदर खोचून उठली. म्हणाली, पोटुशीच्या घरात सांगायचं बोलणं न्हाई ते, बाहीर चला, सांगते. मी म्हटले, बाई, विटाळचांडाळाच्या गोष्टी मला नकोत, पत्रक वाच. ती म्हणाली, की पत्रक वाचाया यीना म्हून तर डोळं शाबूत ऱ्हायलं. जीभ आहे बाईला!

५ जून, रविवार

जया आली. जावई मनमाडला रेल्वेत आहेत, रजा नाही म्हणून दिरासोबत पाठवली. सातवा सरला आहे. तब्येत उत्तम, वजन (धान्याच्या काट्यावर, तिने पुष्कळ कुरकुर केली) एक मण सोळा शेर. मोठी हसरी पोर. मी पाटाचा उतार समजावून सांगत होतो तर सौ.ला म्हणते, की आई, अण्णांनी पहिल्यांदा तुला पाहिलं तेव्हा फूटपट्टी लावली होती का गं? सौ. म्हणाली, लावली असती, माझ्या वडिलांच्या भीतीने राहिली.

आज सकाळी जया न्हायली. कढत पाणी, शिकेकाई, दोन घंगाळे. संध्याकाळी पाहतो तो सातही खुंटांतून केळफुलाचे टोक बाहेर पडलेले. साती एका दिवशी! असे कुठल्या पत्रकात वाचलेले नाही. पाण्याचा गुण. बाजीला मुद्दाम बोलावून दाखवले. त्याने हात जोडले. मला नव्हे, झाडांना.

२६ जून, रविवार

पाऊस धरून आहे. धरणाचे पाणी चढते आहे. काठावर मी फुटाफुटाच्या खुणा केलेला बांबू रोवला आहे, रोज सकाळी आठला वाचतो.

घड सुटले. एक वैगुण्य नोंदवतो : प्रत्येक फणीला फळे पाचच. दहाबारा तरी हवीत. पोषण कमी पडते, राख वाढवली. फळे बाहेरच्या बाजूला वळायला हवीत, ती आत वळली आहेत. जया खिडकीतून पाहून म्हणाली, की अण्णा, मुठी मिटल्यात बघा. आधी हसली. मग तिने खिडकी लावून घेतली, आणि आता तिची खाट दुसऱ्या भिंतीला सरकवली आहे. या दिवसांत बायकांना काहीही सुचते.

९ जुलै, शनिवार

फळांच्या टोकाला रंग बदलला आहे. सातही घडांवर, प्रत्येक फळावर, टोकापासून दोन सूत, म्हणजे पाव इंच. काळपट निळा. दौतीतली शाई पाण्यात पडल्यावर दिसते तसा.

घाबरण्यासारखे नाही. कोवळ्या फळाचा रंग जाण्याची कारणे ठरलेली असतात; एकेक वगळत जायचे, उरेल ते खरे.

१३ जुलै, बुधवार

(अ) उन्हाचा चट्टा : एकाच बाजूला पडतो. हा चारी बाजूंनी सारखा आहे, आणि ऊन आहे कुठे?

(आ) फुलकिडा : साल तांबूस आणि खरबरीत होते. ही गुळगुळीत आहे. भिंगातून तासभर पाहिले, एक किडा नाही.

(इ) टोकाची कुज : वाळलेल्या फुलापासून सुरू होते आणि टोकावर चिरुटाच्या राखेसारखी राख धरते. फुले मी आधीच खुडली होती, राख नाही.

(ई) पाणी तुंबणे : मुळाशी दीड फूट खणले. माती भुसभुशीत, मुळे पांढरी.

(उ) थंडी : दोन पत्रकांत उल्लेख आहे, पण तेव्हा पानेही मरगळतात. इथे पाने हिरवीगार आहेत, पहिल्यापेक्षाही.

तंबाखूचे पाणी मारले. मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण करून दोनदा मारले. निळेपण आज पाच सूत. निळे सालीच्या वर नाही, सालीच्या आत आहे. नख दाबले की क्षणभर पांढरे होते आणि पुन्हा निळे भरते. फळाला असे होताना मी कधी पाहिलेले नाही.

१८ जुलै, सोमवार

शोध लागला! धरणाच्या पाण्याची आणि फळांची, दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा दिसले. ९ तारखेपासून धरणाचे पाणी सात फूट चढले आणि फळांवरचे निळेपण दोनाचे नऊ सूत झाले. एक फुटाला एक सूत. परवा पाऊस थांबला, पाणी जागच्या जागी राहिले, निळेपणही राहिले. कागदावर काढले तर रेघ सरळ येते, मोजणी खात्यात काढून दाखवावी अशी. जमिनीखालून पाण्याचा दाब मुळांना लागत असणार. शेतकी कॉलेजला पत्र लिहायचे.

एक गोष्ट मात्र त्या रेघेत बसत नाही. आज एक फळ कापले. केळीचा चीक धोतराला लागला की जन्मात जात नाही, म्हणून जुना पंचा नेसून बसलो होतो. चीक आलाच नाही. पाणी आले. थंडगार, गढूळ, तळाच्या गाळाचा वास असलेले, एवढ्याशा फळातून अर्धा तांब्या. सौ.ने ते ओतून टाकले आणि तांब्या तीनदा घासला.

२४ जुलै, रविवार

निळेपण सतरा सूत. फळे जवळजवळ अर्धी. पत्राला उत्तर नाही. रस्त्यावर दोन ठिकाणी दरड आली आहे, टपालवाला चार दिवसांत फिरकला नाही.

बाजीने येणे सोडले. बोलवायला गेलो तर ओटीवरूनच म्हणाला, की अण्णासाब, तुमचं तुमी बघा. मी म्हटले, चालते व्हा. मग ध्यानात आले की ओटी त्याची होती.

२७ जुलै, बुधवार

जया सुखरूप बाळंत झाली. सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी मुलगा. वजन साडेतीन शेर, लांबी एकोणीस इंच दोन सूत. गोरा, रडणे खणखणीत. जयाने विचारले, की अण्णा, बरोब्बर भरलाय ना मापात? सौ.च्या डोळ्यांना पाणी आले, माझ्याही.

एका गोष्टीवरून खटका उडाला. सारजाबाईने न्हाणीतल्या पाटाचे तोंड चिंध्या कोंबून बंद केले होते आणि बाळबाळंतिणीच्या अंगावरचे पाणी ती घमेल्याने उचलून बाहेर ओघळीत टाकत होती. साठीची बाई, पंचवीस खेपा, पायऱ्या निसरड्या. मी चिंध्या काढून टाकल्या. ती म्हणाली, की आज बाळंतीन हाय म्हून तोंड धरते, बारा दिस होऊ द्या, मग तुमास्नी काय त्ये सांगते. मी म्हटले, सांग, बारशाला जेवून सांग.

हळद, तेल, बेसन असलेले सगळे पाणी माझ्या पाटाने केळींना गेले.

३० जुलै, शनिवार

निळेपण उतरते आहे!! काल चौदा सूत, आज अकरा. धरणाचे पाणी तर वाढलेच आहे, म्हणजे रेघ मोडली. तेल आणि हळद! इतके सोपे. मोरचुदाने जे झाले नाही ते बाळंतिणीच्या न्हाणीने झाले. सौ.ला म्हटले, मोठे घंगाळ काढ, बाळाला दोन वेळ न्हाऊ घाला.

१ ऑगस्ट, सोमवार

सहा सूत. फळे कशी भरली आहेत, कशी तकाकी! इतकी सुंदर फळे मी आयुष्यात पिकवली नाहीत. शेतकी कॉलेजला दुसरे पत्र लिहिले, सहा पाने, कोष्टकासह. मथळा : केळीच्या कोवळ्या फळांचा निळा रोग व त्यावर एका हौशी माणसाने शोधलेला घरगुती उपाय.

आज सौ. दोनदा पडवीत येऊन उभी राहिली. काही सांगायचे होते. मी म्हटले, एवढे कोष्टक संपू दे.

२ ऑगस्ट, मंगळवार

बाळाची नखे निळी आहेत.

सौ. हेच सांगायला आली होती. तीन दिवसांपासून आहेत. पहिल्या दिवशी तिला काजळ वाटले. उजेडात नेऊन पाहिले. दहाही बोटे, टोकापासून. नख दाबले की क्षणभर पांढरे होते आणि पुन्हा भरते.

मोजले. बाळाचे बोट ते केवढे. पहिले पेर पुरते, दुसऱ्याला लागले आहे. मग परसात जाऊन फळे मोजली. फळांवरून जितका हिस्सा उतरला तितका हिस्सा —

पुन्हा मोजले. चार वेळा. मोजण्यात चूक नाही. माझ्या मोजण्यात चूक होत नाही.

पाट बुजवला. हाताने माती ओढली, दगड टाकला. केळी आजच तोडल्या असत्या पण नागपंचमी. आज चिरायचे-खणायचे नाही म्हणून सौ. कोयत्यावर बसून राहिली. रात्र कशी जाईल ती जाईल.

३ ऑगस्ट, बुधवार

पाट बुजवूनही उतरले नाही. उलट दुसरे पेर पुरते गेले. बाळ दूध ओढते पण हात बर्फासारखे.

सारजाबाईला परसात नेऊन विचारले. या वेळी मी ऐकले. ती बोलली ते जसेच्या तसे लिहितो.

म्हणाली, की जाळत न्हाईत तान्ह्या पोरास्नी, पुरत्यात. आमच्या वाडीत न्हाणीमागं केळीच्या बुडाशी पुरायचे, म्हंजी आईच्या अंगावरचं पाणी मिळतंया, पोर तहानंलं ऱ्हात न्हाई. सात घरांची सात हुती. त्यात एक माझं. पाणी येणार म्हटल्यावर हाडं उकरायचा धीर कुणाला हुईना. मग सात बुडांची सात पिलं काढून वर आणली. आणि पाणी तोडलं, जसं मोठ्या पोराचं दूध तोडत्यात तसं. सुरवातीला पानं लई थरथरायची. चार वर्सांनी कुटं निजली हुती. तुमी अंगावरचं पाणी पाजलंत, त्यास्नी वाटलं आई आली. आन् खाली ती रोज बुडत्याती, अण्णासाब. त्यास्नी वर यायचंय.

आता उपाय काय, विचारले. तिने पदर तोंडाला लावला. म्हणाली, की एकदा तोडलेलं पोर पुन्यांदा अंगावर प्यालं, की मग सुटत न्हाई.

मला हे पटलेले नाही. पटवून घेऊन माझ्याने उभे राहवणार नाही. रोगट झाड काढून टाकणे हा सर्वमान्य उपाय आहे. दुपारी तीन वाजता उत्तरेकडचा पहिला खुंट तोडला आणि गड्डा खणून काढला.

मुळांच्या जाळ्यात अडकलेली काळ्या मण्यांची मनगटी निघाली. अंगठीएवढी. दोरा कुजलेला, मणी धड, अकरा.

आत जया किंचाळली. बाळाच्या उजव्या हाताची करंगळी लोंबते आहे. दुखत नाही, रडत नाही. बोट धरले तर चार बोटांनी पकडते, करंगळी पकडत नाही. नुसती हलते, वाऱ्याने हलावी तशी.

सहा खुंट उरले आहेत. कोयता विहिरीत टाकला.

५ ऑगस्ट, शुक्रवार

इथून निघायचे ठरवले. बाजीकडे गेलो. झाल्या शब्दांची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा मागितली असेन. तो डोली घेऊन आला, भाऊ आणला. पौडला डॉक्टर आहे.

ओढ्यापर्यंत आठशे पावले. दर शंभर पावलांना मी बाळाचा हात पाहत होतो. तळवा. मनगट. ओढ्याशी कोपर निळे. ओठ निळे. रडण्याचा आवाज गेला. तोंड उघडत होते, आवाज नव्हता.

जयाने बाजीला ओरडून डोली फिरवायला लावली. मला न विचारता. घर जवळ येईल तसे उतरत गेले. परसात शिरलो तेव्हा बाळ रडले.

पोहत ओढा ओलांडून बाजी एकटा पौडला जाऊन आला. डॉक्टरने ऐकूनच सांगितले, की जन्मतःच हृदयात दोष असतो अशा मुलांच्या, रंग चढतो-उतरतो, मूल हलवू नका. बाटली दिली. गोड औषध आहे. देतो आहोत. मला त्या डॉक्टरवर किती विश्वास ठेवायचा आहे हे देवाला ठाऊक.

७ ऑगस्ट, रविवार

बारावा दिवस. बारसे नाही. सारजाबाई म्हणाली, की नाव ठिवू नगा अजून. पाळण्याची तुटकी दोरी मी बदलून ठेवली होती.

मनगटापर्यंत.

फळे निर्मळ हिरवी. एक डाग नाही.

८ ऑगस्ट, सोमवार

पाट पुन्हा उघडला. पाणी हवे आहे ना — मी न्हायलो. तीन घंगाळे, तेल, हळद, बेसन, बाळंतिणीसारखा. पाणी केळींच्या बुडाशी गेले आणि तिथेच साचून राहिले. तासभर. माती पीतच नाही. सौ. न्हायली. तेही तसेच राहिले. सारजाबाई म्हणाली, अंगावर दूध न्हाई, त्यास्नी कळतंय.

सत्तेचाळीस वर्षांचा मी. मला सगळे येते. माझे पाणीसुद्धा चालत नाही.

९ ऑगस्ट, मंगळवार

जयाला कोणी सांगितले माहीत नाही. कदाचित कोणी नाही. सकाळी उठून स्वतः न्हाणीत गेली, आईला येऊ दिले नाही. पाणी ओतताना बोलत होती. पडवीत ऐकू येत होते. घास घालताना बोलतात तसे, हे तुझे, हे तुझे, हे तुझे. सहा वेळा.

माती लगेच प्याली.

दहा वाजता बाळाची बोटे गुलाबी. करंगळी सोडून नऊ. माझा अंगठा घट्ट धरला. सौ.ने देवापुढे साखर ठेवली. मी सारजाबाईच्या पाया पडायला गेलो तर ती मागे सरली. म्हणाली, की लेकीचं हात बघा आदी.

जया हात पदराखाली ठेवते.

११ ऑगस्ट, गुरुवार

दाखवले. मनगटापर्यंत. म्हणाली, की अण्णा, दुखत नाही, फक्त गार लागतं. म्हणाली, मोजू नका.

मोजले. ती झोपली असताना. मनगटावर एक इंच पाच सूत.

पाट बुजवला. अर्ध्या घटकेत बाळ — ओठ, पापण्या. जया उठून आली, माझ्या हातांनी लावलेला दगड तिने त्या हातांनी काढला. रडली नाही, रागावली नाही. म्हणाली, की तुम्ही आत जा, तुम्हांला नाही जमायचं.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

कोपर. दोन्ही.

पाट उघडा ठेवला तर जया. बुजवला तर बाळ. मी सकाळपासून दगडाजवळ बसलो आहे. हातात घेतो, ठेवतो. सौ. माझ्याकडे पाहते, मी काहीतरी ठरवीन म्हणून. तीस वर्षे मीच ठरवत आलो. काय करू, विचारले तर तिने तोंड फिरवले.

जावयांना तार करायला बाजी गेला. दरड अजून —

१३ ऑगस्ट, शनिवार

खांदे. गळ्याशी कडा दिसते. ओली दिसते, पुसली तर कोरडी असते.

बाळ उत्तम. वजन चार शेर भरले. हसते. काय सुंदर हसते.

जया आज जेवली नाही. तिच्या अंगाला गाळाचा वास येतो. सौ.ला येत नाही म्हणते. येतो. तिलाही येतो.

जयाने विचारले, सहांपैकी सारजाबाईचे कोणते? मी म्हटले, माहीत नाही. म्हणाली, तिसरे असेल, ते फार हावरे आहे. आणि हसली. लहानपणी हसायची तशी.

१४ ऑगस्ट, रविवार

सकाळी आठ. बांबू वाचला नाही.

पडवीत बसून लिहितो. हात दुसरे काही करत नाहीत म्हणून. बाळ सौ.च्या मांडीवर झोपले आहे. जया न्हाणीत आहे. दार आतून लावले आहे.

सहा वाटे घालून झाले. मी ऐकले. हे तुझे, सहा वेळा. मग थोडे थांबली. मग सातव्यांदा म्हणाली. सातवे मी तोडले होते. तेही आले म्हणजे.

घंगाळात बावीस तांब्ये पाणी मावते. मी मोजून ठेवले आहे. आज तिने एकच घंगाळ नेले.

एकोणीस. वीस. एकवीस.

बावीस.

तेवीस.

चोवीस — पाणी संपले असणार. पाणी संपलेच असणार. तरी ओतल्याचा आवाज येतो. पाट भरून वाहतो आहे, गढूळ, केळींकडे नाही, केळींकडून — न्हाणीकडे — मी उतार एक इंच धरला होता, पाणी असे उलटे —

एकतीस. सौ. बाळाला घेऊन उठली, दार ठोठावते आहे. जया, जया गं. जया उत्तर देते आहे, पण आवाज एक नाही. बारीक. पुष्कळ. सगळे मिळून आई म्हणत —

पहार. पहार कुठे ठेवली मी. दाराखालून पाणी येते आहे. सौ. मागे हो. बाळाला घेऊन मागे हो. चाळीस. एक्के